आधी घर मोजा: हीट पंप बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि बसवणाऱ्यांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

आमच्या घरातल्या हीट पंपाचं सेटिंग पाहायला पासवर्ड लागतो. तो ग्राहकाला न देण्याचं कंपनीचं धोरण आहे, असं लेखी उत्तर मला नुकतंच मिळालं. यंत्र माझं, वीज माझी, बिल माझ्या नावावर. पण ते यंत्र पाणी किती अंशांपर्यंत तापवतं आणि आतला विजेचा हीटर कधी चालू करतं, हे ठरवणं तर सोडाच, नुसतं बघायचीही मला मुभा नाही. ज्यांनी त्या उत्तराखाली सही केली त्यांच्याशी माझं भांडण नाही, म्हणून कंपनीचं नाव इथे घेत नाही. शिवाय इतर ग्राहकांशी बोलल्यावर लक्षात आलं की कंपनी बदलली तरी अनुभव फारसा बदलत नाही. तेव्हा हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि चारचौघांत.

एक खुलासा आधीच करते, म्हणजे पत्र अर्ध्यात सोडून द्यायला निमित्त राहणार नाही. मी या यंत्राच्या विरोधात नाही, उलट कुणी विचारलं तर आजही बसवा असंच सांगेन. बाहेरच्या गार हवेतसुद्धा उष्णता असते, ती गोळा करून आत आणायची आणि उन्हाळ्यात तीच वाट उलटी करून आतली उष्णता बाहेर टाकायची. काही जाळायचं नाही, धूर नाही, आणि नीट बसवलं तर विजेच्या एका युनिटमागे घरात तीन-चार युनिटांची ऊब. ही कल्पनाही काल-परवाची नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी इमारती गरम आणि थंड करण्याची ही काटकसरीची युक्ती १८५२ सालीच मांडली होती. १९३८ साली झुरिकच्या नगरभवनाला नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला. आज नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या कडाक्याच्या थंडीच्या देशांत घरोघरी हवेतून उष्णता घेणारे पंप चालतात. त्यामुळे घर गरम होत नाही अशी तक्रार केली की "यंदा थंडीच जास्त आहे हो" हे जे ठरलेलं उत्तर मिळतं, ते मला मान्य नाही. थंडी असते म्हणूनच तर पंप घेतला.

आमच्या घरात वयस्कर आई आहे. तिला थंडी सोसत नाही आणि उकाडाही. जुना बॉयलर काढून आम्ही हवेतून उष्णता घेऊन पाणी तापवणारा पंप बसवला: खालच्या मजल्यावर फरशीखाली नळ्या, वरच्या मजल्यावर आधीचेच रेडिएटर (आत गरम पाणी फिरून खोली तापवणारे भिंतीवरचे धातूचे पट्टे), उन्हाळ्यासाठी झोपायच्या खोल्यांत पंख्याचे कॉइल (थंड पाण्याच्या नळ्यांवरून पंख्याने हवा सोडणारे). गरम करायला आणि थंड करायला दुसरं काहीही ठेवलेलं नाही. हे यंत्र बिघडलं तर बिघाड फक्त यंत्राचा राहत नाही, हे तुम्ही लक्षात घ्यावं एवढ्यासाठी हे घरगुती सांगितलं. आता तक्रारी.

पहिली तक्रार मोजमापाची, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून निघतात. यंत्र किती किलोवॉटचं लागेल हे ठरवायला जे गृहस्थ आले त्यांनी घराचं क्षेत्रफळ विचारलं, एका ठरावीक आकड्याने गुणलं, वर "थोडं जास्तच असलेलं बरं" म्हणून पुढचं मॉडेल लिहून दिलं. भिंती कशाच्या आहेत, छताला आतून काही अस्तर आहे का, खिडक्या एका काचेच्या की दोन, फटींतून वारा किती येतो, यांतलं काहीही विचारलं नाही. अंगाचं माप न घेता नुसतं वय विचारून कपडे शिवण्यातला हा प्रकार आहे.

खरं म्हणजे हे गणित अवघड नाही. भिंतीचं क्षेत्रफळ, तिच्यातून उष्णता निसटण्याचं प्रमाण आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक, यांचा गुणाकार. आत २० अंश आणि बाहेर शून्य असेल, तर अस्तर नसलेल्या भरीव विटांच्या १० चौरस मीटर भिंतीतून सुमारे ४०० वॉट उष्णता सतत बाहेर जाते. त्याच भिंतीला चांगलं उष्णतारोधक अस्तर लावलं तर ६० वॉटच्या आसपास. भिंत तीच, खोली तीच, क्षेत्रफळही तेच, आणि फरक सहा-सातपट! मग नुसत्या क्षेत्रफळावरून तुम्ही कसलं माप काढता? वाऱ्याचंही तसंच. ४० घनमीटरच्या खोलीतली हवा तासाला एकदा पूर्ण बदलत असेल, तर २० अंशांच्या फरकाला अडीचशेहून जास्त वॉट नुसत्या फटींमधून जातात. दाराखाली आणि खिडक्यांच्या चौकटींत फटी बुजवायची पट्टी लावा, असा सल्ला यंत्र विकण्याआधी दिला असता तर यंत्र लहान लागलं असतं. कदाचित म्हणूनच दिला नसेल. (हा संशय खोटा ठरला तर मला आनंदच होईल.)

"जास्तच असलेलं बरं" हे बॉयलरच्या बाबतीत एक वेळ चालून गेलं असेल, हीट पंपाच्या बाबतीत ते नुकसानीचं आहे. कॉम्प्रेसर, म्हणजे पंपातला वायू दाबणारा भाग, इन्व्हर्टरचा असेल तर आपला वेग कमी करू शकतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. समजा, घराला ऐन थंडीत ६ किलोवॉट लागतात आणि एरवीच्या बहुतेक दिवसांत दोन-तीन. अशा घरात तुम्ही असं यंत्र बसवलंत की जे कितीही मंद केलं तरी ४ किलोवॉटच्या खाली उतरत नाही, तर ते करणार काय? थोडा वेळ चालणार, पाणी तापलं की बंद होणार, थोड्या वेळात पुन्हा सुरू होणार. हिवाळ्याचे कडक दिवस मोजकेच असतात, सौम्य दिवसच जास्त. म्हणजे यंत्राचं बहुतेक आयुष्य या चालू-बंदमध्ये जातं. वीज वाया जाते, कॉम्प्रेसर झिजतो. आमच्या बाहेरच्या युनिटचा चालू होतानाचा घरघराट आणि बंद होतानाचा गचका हिवाळ्याच्या सौम्य रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येतो. मग आवाजाची तक्रार केली की खाली रबरी पाय बसवून द्यायला माणूस येतो.

उन्हाळ्याचं माप वेगळं काढावं लागतं हे तर कुणाच्या गावीही नव्हतं. थंडीत उष्णता भिंतीतून बाहेर जाते, उन्हाळ्यात ऊन काचेतून थेट आत येतं. त्यामुळे हिवाळ्यात सगळ्यात गार पडणारी खोली आणि उन्हाळ्यात सगळ्यात तापणारी खोली एकच असेल असं नाही. आमच्या पश्चिमेच्या खोलीला मोठी खिडकी आहे. संध्याकाळी ती भट्टीसारखी तापते, आणि कॉइल मात्र बसवलंय उत्तरेच्या खोलीइतकंच.

दुसरी तक्रार जाहिरातीतल्या आकड्याची. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेला सीओपी, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे मिळणारी उष्णता, हा बहुतेक वेळा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश या स्थितीतला असतो. आकडा खोटा नाही, प्रयोगशाळेत तो तसाच मोजलेला असतो. पण बाहेर ७ अंश ही काही थंडी नव्हे, आणि ३५ अंशांच्या पाण्यावर माझे जुने रेडिएटर खोली तापवूच शकत नाहीत.

या दोन तापमानांतलं अंतर हाच हीट पंपाचा सगळा जमाखर्च. निसर्गनियमाने घातलेली कमाल मर्यादा कुणालाही काढता येते: गरम बाजूचं निरपेक्ष तापमान (सेल्सियस अंशांत २७३ मिळवून येणारं) भागिले दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक. बाहेर शून्य आणि पाणी ३५ असेल तर ती मर्यादा पावणेनऊच्या आसपास येते, पाणी ५५ केलं की सहावर उतरते. प्रत्यक्षातली यंत्रं या मर्यादेच्या साधारण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत पोचतात. म्हणजे एकच यंत्र, एकच दिवस, एकच घर, आणि नुसतं पाण्याचं तापमान वाढवल्याने चारचे अडीच-तीन होतात. पाणी एक अंशाने कमी ठेवता आलं तर विजेत दोन-अडीच टक्क्यांची बचत, असा तुमच्याच व्यवसायातला ठोकताळा आहे.

पाणी कोमट ठेवायचं तर रेडिएटर मोठे हवेत. सरासरी ७० अंशांच्या पाण्यावर रेडिएटर जेवढी उष्णता देतो त्याच्या निम्मीच ५० अंशांवर देतो. खोली २० अंशांवर ठेवायची असेल तर हे गणित चुकवता येत नाही. दुसरं असं की बॉयलरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात वीसेक अंशांचा फरक चालतो, हीट पंपात तो साधारण पाचच अंश ठेवतात. म्हणजे तेवढीच उष्णता पोचवायला चौपट पाणी फिरवायला हवं. जुन्या बारीक नळ्यांतून ते फिरेल का, हे आधी पाहायला नको? आमच्याकडे वरच्या मजल्यावरचा एकही रेडिएटर मोजला गेला नाही. खोल्या तापेनात, तेव्हा येऊन पाण्याचं तापमान ५५ वर नेऊन ठेवलं आणि "आता ऊब येईल" म्हणून निरोप घेतला. ऊब आली. बिल तिच्याबरोबरच आलं.

तिसरी तक्रार कुलपाची. माझ्यासाठी ही सगळ्यात गंभीर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाण्यावर चालणाऱ्या बहुतेक हीट पंपांच्या पोटात साधा विजेचा हीटरही असतो. यंत्र बंद पडलं, थंडी अगदीच टोकाला गेली किंवा टाकीतलं पाणी जंतू मरावेत म्हणून अधूनमधून ६० अंशांवर न्यायचं असलं तर तो कामाला येतो. त्याला माझी हरकत नाही. पण हा हीटर एका युनिटला एकच युनिट ऊब देतो. हीट पंप घेण्याचं जे कारण, तेच तो चालू असेपर्यंत नाहीसं होतं. त्यामुळे तो कधी चालू व्हावा हे या यंत्रातलं सगळ्यात महागाचं सेटिंग आहे.

आमचं बिल वाढत चाललं तेव्हा ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडून हीटरच्या तारेला क्लॅम्प मीटर लावला. बाहेर ५ अंश होते, ऊन पडलेलं, घर आधीच उबदार, आणि मीटरवर २६ अँपिअर! म्हणजे सहा किलोवॉटचा हीटर पूर्ण जोमात आणि पंप त्याच्या शेजारी निवांत. पुढे कंपनीचा तंत्रज्ञ आला. पासवर्ड टाकताना त्याने मला दुसरीकडे बघायला सांगितलं. मी बघितलं, आणि मग परत त्याच्याकडे बघितलं. हीटर बाहेरचं तापमान ५ अंशांवर आलं की चालू होईल असं सेटिंग होतं. खाली उतरवा म्हटलं तर तो माझ्या अधिकारातला विषय नाही म्हणाला. एक गोष्ट मात्र खरी बोलला: असं ठेवलं की घर गार राहिल्याचे फोन येत नाहीत. तुमच्या फोनची सोय माझ्या मीटरवर चालते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच कुलपाआड दुसरं एक सेटिंग आहे. बाहेर जितकी थंडी कमी, तितकं पाणी कमी तापवायचं, असा चढ-उताराचा आलेख यंत्राला आखून देता येतो. ही सोय जवळजवळ प्रत्येक यंत्रात असते. घराला जुळेल असा आलेख लावायचा तर घरात राहणाऱ्यानेच आठवडे-दोन आठवडे थोडं थोडं खाली आणून बघावं लागतं, कारण कुठल्या खोलीत किती ऊब पुरते हे त्यालाच कळतं. तुमचा माणूस तासाभरात ते करू शकत नाही, आणि त्याने करावं अशी माझी अपेक्षाही नाही. मग मला तरी करू द्या. सुरक्षिततेचं कारण तुम्ही पुढे करता. गॅसच्या दाबाची, कॉम्प्रेसरच्या संरक्षणाची सेटिंग बंद ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पाण्याचं तापमान आणि हीटरची वेळ यांत कसली आलीय सुरक्षितता?

चौथी तक्रार उन्हाळ्यातली. "हेच यंत्र उन्हाळ्यात थंडही करतं" या एका वाक्यावर विक्री झाली. करतं, पण कसं, हे सांगितलं नाही. हवेत बाष्प असतं. खोलीत २७ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर साडेअठरा अंशांच्या आसपासच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरायला लागतं. तुमच्या माणसाने थंड पाणी १० अंशांवर लावलं आणि ते कॉइलबरोबर फरशीखालच्या नळ्यांतही सोडलं. दुपारपर्यंत फरशीला घाम फुटला. आधी पायमोज्यांचे तळवे ओले झाले, मग भिंतीच्या कडेला पाण्याची बारीक रेघ दिसायला लागली, आणि आई घसरता घसरता वाचली. तक्रार केल्यावर "फरशी पुसून घ्या" असं सांगण्यात आलं. फरशी थंड करायची तर पाणी दवबिंदूच्या वर ठेवावं लागतं, त्यासाठी आर्द्रता मोजणारा सेन्सर लागतो, आणि फरशी हवेतलं बाष्प काढू शकत नाही, ते काम कॉइलचं. कॉइलवर साठणारं पाणी वाहून जायला उतार दिलेली नळी लागते, आणि थंड पाण्याच्या नळ्यांचं अस्तर सांध्यांवरही बंदिस्त लागतं, नाहीतर छतातून थेंब पडतात. यातलं नवीन काय आहे? थंडाव्याचं काम करणाऱ्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला हे पाठ असतं. पण तुम्ही प्लंबर पाठवता त्याला थंडावा माहीत नसतो, आणि एसीवाला पाठवता त्याला पाण्याचा भाग माहीत नसतो.

पाचवी तक्रार गॅसची, म्हणजे पंपाच्या नळ्यांत फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या वायूची. ही एसीसारख्या स्प्लिट पंपवाल्यांचीही आहे, आणि कदाचित सगळ्यात जुनी. "गॅस संपलाय, भरावा लागेल." गॅस संपतो कसा हो! तो बंद नळीत फिरतो, जळत नाही, खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरून जाणं म्हणजे पुढच्या भेटीची सोय करून जाणं. आमच्याकडे असंच होत राहिलं. अखेर वायरमननेच साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावलं, तर आतल्या युनिटच्या फ्लेअर नटापाशी (नळीचा सांधा आवळणाऱ्या नटापाशी) बारीक बुडबुडे एकामागून एक फुगताना दिसले.

बसवतानाच ते कळलं असतं. नळ्या जोडल्यावर नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचा, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल पूर्ण ओढून घ्यायची, मायक्रॉन गेजवर (आत किती हवा उरली ते दाखवणाऱ्या मापकावर) आकडा ५०० च्या खाली आल्याचं आणि पंप बंद केल्यावर तिथेच थांबल्याचं बघायचं, आणि मगच गॅस सोडायचा. ओल राहिली तर ती तेलाशी मिळून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खाल्ला जातो. आमच्याकडे आलेल्यांच्या गाडीत व्हॅक्यूम पंप होता, गाडीतून खाली उतरला नाही. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलली, नट आवळला, झालं.

हा फक्त माझ्या खिशाचा प्रश्नही नाही. आमच्या पंपातला आर-४१०ए हा वायू वातावरण तापवण्यात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०००पट आहे. म्हणजे एक किलो गळला तर दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. आर-३२ सुमारे ६७५पट, आणि आर-२९०, म्हणजे प्रोपेन, पाचपटीपेक्षाही कमी. हे जास्त तापवणारे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं जगातल्या देशांनी २०१६ साली किगाली दुरुस्तीने ठरवलं. तुम्ही पत्रकावर हिरवं पान छापता. त्या पानाखाली नट नीट आवळलाय का, तेवढं बघा. प्रोपेनचे पंप आता वाढतायत ही चांगली गोष्ट आहे, पण तो पेट घेणारा वायू आहे. सांधे असेच सैल राहणार असतील तर मला त्याचीही धास्ती वाटते.

सहावी तक्रार बाहेरच्या युनिटच्या जागेची. थोडक्यात सांगते. थंडीत बाहेरच्या कॉइलवर हवेतलं बाष्प गोठतं आणि ते वितळवायला यंत्र थोडा वेळ उलटं चालतं. याचा सगळ्यात जास्त त्रास कडाक्याच्या कोरड्या थंडीत होत नाही, शून्य ते पाच अंशांच्या दमट हवेत होतो. त्या वेळी युनिटमधून वाफेचा लोट उठतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला आग लागली असं वाटतं, आणि खालून बादलीभर पाणी येतं. आमचं युनिट दाराकडे येणाऱ्या वाटेला लावलंय. ते पाणी वाटेवर येतं आणि रात्री तिथेच गोठतं. शिवाय ते दोन भिंतींच्या कोपऱ्यात कोंबलंय, त्यामुळे बाहेर टाकलेली गार हवाच परत आत ओढली जाते आणि आवाज दोन्ही भिंतींवर आपटून शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो. त्यांची बोलणी मी ऐकते, तुम्ही नाही. ही जागा का निवडली असं विचारलं तर नळी कमी लागते म्हणाले.

आता मागण्या.

किंमत सांगण्याआधी प्रत्येक खोलीचा हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा हिशोब वेगवेगळा, लेखी द्या. त्यात भिंती, काचा, छत, फटी, ऊन हे सगळं दिसलं पाहिजे. अस्तर घातलं आणि फटी बुजवल्या तर यंत्र किती लहान लागेल, हेही त्यातच लिहा. निवडलेलं यंत्र कमीत कमी किती किलोवॉटवर चालू शकतं तो आकडा जास्तीत जास्तच्या शेजारी छापा.

माझ्या भागातल्या कडक थंडीच्या दिवशी, माझ्या रेडिएटरना लागेल त्या तापमानाचं पाणी देताना यंत्राचा सीओपी किती असेल, ते लिहून द्या. ७ अंशांचा आकडा तुमच्यापाशी ठेवा. रेडिएटर आणि नळ्या तपासल्याशिवाय मॉडेल ठरवू नका.

पाण्याचं तापमान, बाहेरच्या हवेप्रमाणे ते बदलणारा आलेख आणि आतल्या हीटरची वेळ, ही सेटिंग मालकाला खुली करा. आधी विकलेल्या यंत्रांचीसुद्धा. काम पूर्ण करून जाताना प्रत्येक सेटिंग काय ठेवलं याचा कागद हातात द्या.

यंत्राने किती वीज घेतली, किती उष्णता दिली आणि त्यातली किती साध्या हीटरने दिली, हे तिन्ही आकडे पडद्यावर महिनावार दिसू देत. इंटरनेट नसलं तरी दिसले पाहिजेत, आणि त्यासाठी वर्गणी मागू नका.

नायट्रोजनचा दाब किती वेळ टिकला आणि व्हॅक्यूम कितीवर थांबला, ते गेजच्या फोटोसह द्या. गळती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरायचा नाही असा नियम तुमच्या माणसांना घालून द्या, आणि त्यांना भेटींच्या संख्येवर पैसे देणं थांबवा.

बाहेरचं युनिट कुठे बसेल, पाणी कुठे जाईल, हवा कुठून येईल आणि शेजाऱ्यांच्या खिडकीपाशी आवाज किती असेल, याचा आराखडा काम सुरू करण्याआधी दाखवा. थंड पाणी फरशीत सोडणार असाल तर आर्द्रतेचा सेन्सर किमतीत धरा, नाहीतर फरशी थंड करण्याचं नाव काढू नका.

आणि पहिल्या हिवाळ्यात एकदा, पहिल्या उन्हाळ्यात एकदा, पंप आणि पाणी दोन्ही जाणणारा एक माणूस सेटिंग जुळवायला पाठवा. बसवल्या दिवशी यंत्र नुसतं चालू होतं. ते घराला बसतंय की नाही हे त्या दोन ऋतूंतच कळतं.

तुमच्यात असेही काही असतील जे हे सगळं आजच करतात. त्यांनी ग्राहकाचं नाव झाकून आपला एक हिशोबाचा कागद आणि काम झाल्यावर दिलेला एक सेटिंगचा कागद जाहीर करावा. म्हणजे नवीन पंप घेणाऱ्याला बाकीच्यांकडे काय मागायचं ते कळेल. ज्यांच्याकडे दाखवायला असा कागद नाही, त्यांनी कधीपासून देणार ते तारखेसह लिहावं.

आपली,
हीट पंपावर घर चालवणारी एक ग्राहक